उद्बोधन वर्ग : एक पान

स्मरणिकेसाठी साहेबांनी एक पान मागितलंय :
‘नवागत विद्यार्थी उद्बोधन, इतिहास व वाटचाल’.
टंकलिखित, दोन्हीकडे समास सोडून, सोमवारपर्यंत.

फाइल सापडली स्टोअरमध्ये, खताच्या रिकाम्या पोत्यांखाली.
पहिल्या वर्षाचा कागद एकच.
रांजण दोन, ओगराळं एक, सतरंजी भाड्याने,
रुपये अठरा, पैसे पन्नास. मंजूर.
भाषण कुणी केलं त्याची नोंद नाही.
दुष्काळाचं साल. ज्यानं पाणी आणलं
त्याचा अंगठा आहे खाली, निळा,
रेषा अजून मोजता येतात.

तो माझ्या बापाचा.
मसाजी खिल्लारे : रोजंदारी, मग शिपाई, आता फोटो.

सभागृह नव्हतं तेव्हा. लिंबाची सावली होती
आणि ती सरकेल तशी पोरं सतरंजीसकट सरकायची.
छोट्या रेल्वेनं आलेली, किनवटची, औशाची, भोकरदनची,
पत्र्याच्या पेट्या, पेटीवर पांढऱ्या रंगात वडिलांचं नाव.
कुणीतरी म्हणायचंच, जगात जर्मनी, भारतात परभणी,
आणि हसू न येता सगळे हसायचे.
मग बाप त्यांना घेऊन निघायचा.
हे वसतिगृह. ही ज्वारीची वाणं,
पाटी वाचल्याबिगर कणसाला हात लावायचा न्हाई.
आणि हे दोन नळ.
“ह्याचं प्या. त्याचं पिऊ नका, मचूळ हाय.
त्यानं आंघुळ करा. फेस येणार न्हाई, साबण घासत बसू नका.”
एवढंच त्याचं उद्बोधन.
पस्तीस वर्षं, शब्दाचा फरक नाही.

फाइलीत पुढे कागद वाढत जातात.
माईक. हार. नारळ.
गुलाबपुष्पे (विद्यार्थिनींसाठी), नग चार.
काही वर्षांनी नग एकोणीस.
मग नग एकशे बारा, आणि शेरा : पुढील वर्षी पुष्पे बंद करावीत.

एका सालाचा कागदच नाही.
ते साल मला पाठ आहे.
साहेबांच्या स्वागताआधी रात्री
जुनी पोरं नव्यांची ‘ओळख’ करून घ्यायची.
सेनगावकडचा तातेराव, अंगावर फक्त टॉवेल,
पंपघरात मोटारीमागे बापाला सापडला.
बापानं आपला सदरा त्याला घातला,
पहाटेच्या गाडीत बसवून दिला.
हजेरीपटात लाल शाईत : गैरहजर, गैरहजर,
गैरहजर, नाव कमी केले.
सदरा टपालानं परत आला. इस्त्री केलेला.
चिठ्ठी नव्हती.

नंतर शपथपत्र आलं, पालकांची सही,
भिंतीवर मोठ्या आकड्यांत फोन नंबर.
नंतर प्रोजेक्टर.
एका वर्षी सगळेच चौकोनात, आपापल्या घरी,
कुणाच्या मागे म्हैस, कुणाचा आवाज बंद,
आणि ‘सर, रेंज नाही’ हे वाक्य तासभर.
पाणी कुठलं प्यायचं, त्या वर्षी कुणी सांगितलं नाही.

हे सगळं पानात बसत नाही.
मी टाइप केलंय : ‘स्थापनेपासून उद्बोधन वर्ग
दरवर्षी उत्साहात संपन्न होत आहे.’
उरलेल्या जागेत मान्यवरांची यादी.

नळ आता नाहीत. यंत्र आहे, गार पाणी देतं,
वीज असली तर.
पण कधीमधी एखादा जुना विद्यार्थी येतो,
कार्यक्रम नसताना, असाच,
केस पांढरे, गाडी लिंबाखाली लावून
ऑफिसच्या खिडकीशी वाकून विचारतो :
बाई, तो मचूळ नळ कुठला हो, डावा की उजवा?

उजवा, मी सांगते.
तो खूष होतो. म्हणतो, अन् डाव्याचं काय गोड पाणी होतं!

असेल.
आमच्या वस्तीची लाइन
उजव्यावरून होती.